तुझ्या वहीत काय निघालं, पोरी?

सगळं आवरून रेडिओजवळ बसलेल्या मैत्रिणींना नमस्कार, आणि भाकरी थापता थापता कान इकडे लावलेल्यांनाही नमस्कार.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते दारात येणाऱ्या एका पाहुण्याबद्दल. हा पाहुणा म्हणजे कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा विद्यार्थी. पाठीला सॅक, हातात छापील कागदांचा गठ्ठा, उन्हानं तोंड लाल झालेलं. "मावशी, थोडी माहिती हवी होती," म्हणतो. मग घरात माणसं किती, जमीन किती, पाणी कुठून आणता, शेळ्या किती, सरपण कुठलं, असे प्रश्न सुरू होतात. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून उत्तरं देता. चहा देता. पोरं कागद भरतात आणि एस. टी. गाठतात.

पुढं त्या कागदांचं काय होतं? तुमच्यापैकी किती जणींना ते कळलंय? हात वर करायला सांगितलं, तर फार हात वर येणार नाहीत असं मला वाटतं. हे मी खात्रीनं सांगते, कारण असे कागद घेऊन गेलेली आणि परत न आलेली एक पोरगी मी स्वतः आहे.

मी भूगोल शिकवते. वीसेक वर्षांपूर्वी मी विद्यापीठाच्या भूगोल विभागात एम. ए. करत होते. दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंध लिहावा लागायचा. म्हणजे एक विषय घ्यायचा, गावात जाऊन मोजमाप करायचं, लोकांशी बोलायचं, नकाशे काढायचे आणि सगळं लिहून बांधून द्यायचं. मी विषय घेतला विहिरींच्या पाण्याचा. गाव माण तालुक्यातलं. गावाचं नाव आज सांगत नाही, पण माणदेशातल्या कुठल्याही गावाला हे आपलंच वाटेल.

आपल्या सातारा जिल्ह्याचं एक नवल आहे. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण-खटावला जेमतेम पाचशेच्या घरात. ढग समुद्राकडून येतात, सह्याद्रीला अडतात, तिथंच रिकामे होतात. आपण डोंगराच्या आडोशाला. भूगोलात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. वाटतं छान, पण त्या सावलीत उभं राहून हंडा कसा भरायचा ते तुम्हाला माहीत आहे.

मी भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा घेऊन त्या गावात गेले. त्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. डोंगर, ओढे, वाटा, देवळं, सगळं त्यात असतं. जिथं पाणी असतं ते निळ्या रंगात दाखवतात, आणि एरवी कोरडे असणारे ओढे काळ्या रेघेनं. आमच्या भागाचा नकाशा उघडला की काळ्या रेघांचं जाळंच दिसतं.

मी दर पंधरा दिवसांनी जायची. टेपला वजन बांधायचं, विहिरीत सोडायचं, काठापासून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचं. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत. पहिल्या दिवशी एका विहिरीवर मी टेपशी खटपट करत होते, तेव्हा पाणी शेंदायला आलेल्या एक आजी बघत उभ्या राहिल्या.

"काय मोजतीस गं पोरी?"

"पाणी किती खोल गेलं ते बघतेय, आजी."

"आत्ता! ते मला इचारायचं. कालच्याला चार वाव दोर लागला."

तुमच्यातल्या जुन्या बायांना वाव माहीत असेल. दोन्ही हात पसरून दोर धरला की एक वाव. मी त्यांना म्हटलं, आजी, जरा हात पसरा. आणि त्यांच्या एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत टेप लावला. दीड मीटर भरला. म्हणजे चार वाव झाले सहा मीटर. मग माझा टेप विहिरीत सोडला, तर काठापासून पाणी सहा मीटरच्या जवळच निघालं. आजी हसल्या. "मग इतका येळ काय करत हुतीस?"

त्या दिवसापासून आजी माझ्या गुरू झाल्या. मी नसताना कुठली विहीर कधी तळाला गेली, हे त्यांनी लक्षात ठेवलं. संक्रांतीला कुठल्या आटल्या, शिवरात्रीला कुठल्या, पाडव्यापर्यंत कुठल्या टिकल्या. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायका कुठल्या विहिरीवर पाणी प्यायच्या आणि कुठल्या विहिरीत नऊ वाव दोर सोडूनही चिखलच यायचा, हेही त्यांनी सांगितलं. माझ्या टेपला त्या एका वर्षाचं माहीत होतं. आजींच्या दोराला तीस वर्षांचं.

सगळं जमवून मी नकाशा काढला. संक्रांतीपर्यंत आटणाऱ्या विहिरींना लाल ठिपका, शिवरात्रीपर्यंतच्यांना पिवळा, आणि मे महिन्यातही पाणी असणाऱ्यांना निळा. ओढ्याच्या पूर्वेला, माळाच्या अंगाला बहुतेक लाल. पश्चिमेला निळे आणि पिवळे. कारण पायाखालचा दगड. महाराष्ट्राचा फार मोठा भाग ज्वालामुखीच्या लाव्हानं झालेल्या काळ्या दगडावर बसलाय. त्या दगडात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि फटींत. माळाच्या बाजूला मुरूम वीतभर, खाली लगेच कातळ. पाणी साठायला जागाच नाही. ओढ्याच्या पश्चिमेला मुरमाचा थर जाड. त्यामुळे तिथं पाणी मुरतं आणि टिकतं.

लघुप्रबंध बांधून झाला. पाठीवर सोनेरी अक्षरं. परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी कौतुक केलं. गुण चांगले पडले. त्यावर मी एका परिषदेत निबंध वाचला, प्रमाणपत्र मिळालं. पुढं सेट परीक्षा पास झाले, नोकरी लागली. आमच्या वर्गाच्या यशाच्या यादीत माझं नाव आलं. आणि तो लघुप्रबंध कपाटात गेला. एक प्रत विभागाच्या कपाटात, एक माझ्या.

पाच वर्षांनी एका लग्नाला त्या गावात गेले. मांडवात आजी भेटल्या. वाकल्या होत्या, पण ओळखलं लगेच. हात धरला आणि विचारलं, "तुझ्या वहीत काय निघालं मग, पोरी?"

मला उत्तर सुचेना. मी म्हटलं, "आजी, चांगले मार्क मिळाले."

त्या म्हणाल्या, "बरं झालं. पर पाण्याचं काय निघालं?"

मग मला कळलं, की मधल्या काळात गावानं दोन बोअर घेतले होते. बचत गटाच्या बायकांनी त्यात वर्गणी घातली होती. कुणी गटातून उचल घेऊन, कुणी कोंबड्या विकून. दोन्ही बोअर माळाच्या बाजूला घेतले, कारण मशीनची गाडी तिथवर नीट जात होती आणि जागा मोकळी होती. दोन्ही कोरडे गेले. मैत्रिणींनो, ती जागा माझ्या नकाशात लाल ठिपक्यांच्या मधोमध होती.

मी असं म्हणत नाही, की माझा नकाशा असता तर पाणी लागलंच असतं. मी मोजल्या त्या उघड्या विहिरी, उथळ. बोअर त्याहून पुष्कळ खोल जातो. त्याची जागा ठरवायला भूजलाच्या जाणकाराला आणावं लागतं. पण नकाशा गावात असता, तर निदान एका बाईनं ग्रामसभेत उठून विचारलं असतं, "या बाजूच्या विहिरी तर संक्रांतीलाच आटतात, मग बोअर इथंच का?" एवढा एक प्रश्न त्या गावाचा हक्काचा होता, आणि तो मी कपाटात कुलूप लावून ठेवला होता.

पुढच्याच आठवड्यात मी नकाशा मोठा करून घेतला आणि गटाच्या बैठकीला गेले. सतरंजीवर पसरला. नकाशा वाचता येत नाही म्हणणाऱ्या बायका दहा मिनिटांत आपली घरं शोधायला लागल्या. "हे देऊळ, ही आमची ताल, मग ही आमची हीर." आणि मग एका काकूंनी माझी चूक काढली. पश्चिमेच्या निळ्या ठिपक्यांत एक लाल ठिपका होता. मी लघुप्रबंधात लिहिलं होतं, की तिथं दगडात काहीतरी वेगळं असावं. काकू म्हणाल्या, "दगडाचं काय न्हाय त्यात. त्या हिरीवर दिवसरात मोटर चालती. ती आटत न्हाय, आटवत्यात."

बघा. पाच वर्षं माझ्या लघुप्रबंधात ही चूक होती. परीक्षकांना ती कळली नाही, परिषदेत कळली नाही. गावात पहिल्या बैठकीत कळली. म्हणजे निष्कर्ष गावाला परत दिला असता, तर गावाचं काम झालं असतं आणि माझा अभ्यासही खरा झाला असता.

तुम्ही म्हणाल, विद्यार्थ्यांच्या अभ्यासात एवढं काय असतं? पोरं मार्कांसाठी करतात. दोन उदाहरणं सांगते.

इंग्लंडमध्ये 1930 नंतर डडली स्टॅम्प नावाच्या भूगोलाच्या प्राध्यापकांनी सगळ्या देशाच्या जमिनीची पाहणी काढली. कुठं शेत, कुठं कुरण, कुठं जंगल, कुठं पडीक. पैसा थोडा, माणसं थोडी. मग त्यांनी शाळा-कॉलेजांना हाक दिली. हजारो शाळांतली मुलं-मुली नकाशे घेऊन आपापल्या गावच्या शिवारात फिरली आणि एकेक तुकडा रंगवला. पुढं 1939 ला महायुद्ध सुरू झालं, बाहेरून येणारं धान्य अडलं, आणि कुठली जमीन नांगराखाली आणायची हे ठरवताना हेच नकाशे कामी आले. पोरांनी रंगवलेले कागद देशाच्या भाकरीच्या उपयोगाला आले, कारण ते छापले गेले आणि लोकांच्या हातात आले.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं. पुण्याच्या विद्यापीठाला आज सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. तिथल्या भूगोल विभागात प्राध्यापक विश्वास काळे यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या संशोधकांनी नर्मदा-तापीच्या जुन्या पुरांचा अभ्यास केला. पूर मोजणारी पट्टी तर अलीकडची. मग शेकडो वर्षांपूर्वीचा पूर कसा कळणार? मोठ्या पुरात पाणी घळीच्या आडोशाला शिरतं, तिथं थांबतं आणि बारीक वाळू-गाळाचा थर सोडून जातं. पूर ओसरला, तरी थर तिथंच राहतो. पुढचा पूर त्यावर दुसरा थर घालतो. ते थर नीट खणून, एकेक मोजून, त्यांचं वय काढून नर्मदेच्या पुरांचा दीड हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास वाचता आला. घराच्या भिंतीवर सारवणाचे थर असतात ना, तसंच हे. अशा अभ्यासामुळे कळतं, की नदी किती वर चढू शकते. आपल्या आजोबांच्या आठवणीत नसलेला पूरही तिनं कधीतरी दाखवलेला असतो. 2019 ला सांगली-कोल्हापूरनं जे पाहिलं, त्यानंतर हे ज्ञान किती मोलाचं, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून दारात आलेल्या पोरांना हाकलू नका. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांनाही क्षेत्रीय प्रकल्प करावा लागतो. म्हणजे यापुढं असे पाहुणे जास्त येणार आहेत. त्यांना चहा द्या, पाणी द्या, खरी माहिती द्या. मात्र माहिती देण्याआधी आपणही चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, तू कुठल्या कॉलेजचा आणि तुझे सर किंवा मॅडम कोण? कॉलेजचं पत्र बघायला मागा. खऱ्या विद्यार्थ्याकडं ते असतं. आधार कार्डाचा नंबर, बँकेच्या खात्याचा नंबर किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी भूगोलाच्या कुठल्याही अभ्यासाला लागत नाही. तो मागितला तर सरळ नाही म्हणा.

दुसरा प्रश्न, हे कशासाठी चाललंय? त्याला दोन वाक्यांत, आपल्याला समजेल असं सांगता आलं पाहिजे.

तिसरा प्रश्न, माझं नाव छापणार का? कुणाच्या घरी किती कर्ज, कोण कुठलं पाणी उपसतो, हे गावभर झालं तर घरात भांडणं लागतात. नाव नको असेल तर तसं सांगा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल, तर तोही तुमचा अधिकार आहे.

आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा. निघालं काय, ते सांगायला कधी येणार? त्याच्याकडून कबूल करून घ्या. सोप्या मराठीत एक पान आणि एक नकाशा, एवढंच मागायचं. शंभर पानांचा प्रबंध आपल्याला नको. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा. सरांचं नाव लिहून ठेवलेलं असेलच. पोरगं आलं नाही, तर गटाच्या लेटरहेडवर विभागाला एक पत्र टाकायचं. मी शिक्षक म्हणून सांगते, गावाच्या बायकांचं पत्र आलं, की विभागात त्याची दखल घ्यावीच लागते.

आलेली माहिती मांडायची कुठं? ग्रामसभेत. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हा आपल्या राज्यातला कायदाच आहे. तिथं नकाशा पसरा आणि आधी आपसात बोला.

आता एक काम आपलंही. आपल्याकडं नोंद नसेल, तर विद्यार्थी येऊन फक्त त्या एका वर्षाचं लिहून जाणार. तेव्हा गटानं एक वही घालायची. गावातल्या दोन-तीन विहिरी ठरवायच्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आपण दर महिन्याच्या एक तारखेला मोजू. दोराला वजन बांधायचं, ओला झाला तिथवर मोजायचं, तारखेसह लिहायचं. काठ जमिनीपासून वर बांधलेला असेल, तर तेवढी उंची वजा करायची.

पाऊसही मोजता येतो. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी ठेवायचा. झाडाखाली नाही, वळचणीला नाही. रोज सकाळी साडेआठला शाळेच्या पट्टीनं पाणी मोजायचं, लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपल्या घराचं छप्पर चाळीस चौरस मीटरचं असेल आणि वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावर वीस हजार लिटर पाणी पडतं. त्यातलं थोडं उडून जाईल, थोडं सांडेल, तरी किती हंडे झाले ते तुम्हीच मोजा.

आणि शेवटचं, आयांसाठी. तुमच्या मुलीनं भूगोल घेतला असेल, तर तिला क्षेत्र अभ्यासाला जाऊ द्या. चार दिवस बाहेर राहायचं, डोंगर चढायचा, परक्या गावात बोलायचं, म्हणून कितीतरी घरांतून नकार येतो. माझ्या वर्गातल्या हुशार मुली त्यामुळे मागं राहिलेल्या मी बघितल्यात. सोबत मॅडम कोण आहेत, राहायची सोय कुठं आहे, हे जरूर विचारा. फोन नंबर घ्या. पण पाठवा. दुसऱ्या गावच्या विहिरीवर बायका मुलाला जे सांगत नाहीत, ते मुलीला सांगतात. मला आजींनी सांगितलं, ते मी बाई होते म्हणूनही असेल.

त्या गावात पुढं काय झालं, ते सांगून थांबते. फार मोठं काही झालं नाही. पश्चिमेच्या दोन जुन्या विहिरींतला गाळ काढायचा ठराव बायकांनी मांडला. पहिल्या ग्रामसभेत तो हसण्यावारी गेला, दुसऱ्या सभेत पुढं ढकलला, तिसऱ्या सभेत मंजूर झाला. गाळ काढला. त्या मे महिन्यात गावात टँकर आलाच, पण थोडा उशिरा आला. बायकांची वही अजून चालू आहे. आजी आता नाहीत. त्यांचा वाव मात्र त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे, एक वाव बरोबर दीड मीटर.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी दारात कागद घेऊन पोरगं आलं, की त्याला बसायला घोंगडी टाका. आणि उठताना विचारा, "तुझ्या वहीत काय निघालं, ते सांगायला कधी येशील?"